छत्तीस चिंचोके

अक्षर माझं वाईट आहे आणि कोणती वेलांटी कुठे द्यायची हे मला आजपर्यंत नीट कळलेलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. ही वही मी कोणाला दाखवायला लिहीत नाही, तरी कोणाच्या हाती पडलीच तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. पण एक गोष्ट मी वाकड्या अक्षरातही सरळ सांगू शकते, की चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत मिळून आमच्या भासऱ्यांएवढा फोटो काढायला भिणारा फोटोवाला दुसरा झाला नसेल.

भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यासमोर तोंड उघडं टाकायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही, त्यांनीही तिच्याकडे पाहायचं नाही, अशी आमच्याकडची जुनी रीत. आताच्या पोरी ती पाळत नाहीत आणि बरंच करतात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाळत आले, आणि भासरे माझ्याहून कडक. मी अंगणात असले की ते बाहेरूनच खाकरत आणि आभाळाकडे पाहत आत येत. असं आभाळ पाहता पाहता दोनदा त्यांचा पाय बादलीत पडला, पण मान खाली आली नाही. सासूबाई होत्या तोवर आमचे निरोप त्यांच्यामार्फत जायचे. त्या गेल्यावर दिवसा घरात आम्ही दोघंच उरलो. माझे मालक घुग्घुसला खाणीत शिफ्टवर, आठवड्यातून एकदा मोटरसायकलवर येणार. आम्हाला मूलबाळ नाही आणि भासऱ्यांनी लग्नच केलं नाही. मग बोलायला कोणीतरी मधे हवं म्हणून त्यांनी सासूबाईंची बकरी निवडली. "बकरे, चहा झाला असंन तर सांग," ते ओट्यावरून म्हणायचे. मी आतून म्हणायची, "बकरे, चहा दारात ठेवला हाय म्हणा." बकरी आळीपाळीनं दोन्हीकडे पाहायची. एकदा जेवताना ते तिला हळूच म्हणाले, "आज वरणात मीठ नाई. पण राहू दे, घरात सांगजो नोको." मी दाराआडच उभी होते.

तरुणपणी ते चंद्रपूरला एका फोटो स्टुडिओत कामाला होते. दिवे धरायचे, पडदा बदलायचा, अंधाऱ्या खोलीत फोटो पाण्यात धुवायचे. वीस वर्षं हेच केलं, पण कॅमेऱ्याला हात लावायची परवानगी नव्हती. डिजिटल कॅमेरे आले, स्टुडिओ बंद झाला आणि भासरे गावाला येऊन शेतात, धानाच्या बांधीत उभे राहिले. सासूबाई वारल्या तेव्हा लक्षात आलं की त्यांचा एकही फोटो नाही. राशनकार्डावरचा नखाएवढा होता, तो मोठा करून आणला तर तोंडाच्या जागी ओल आलेली भिंत दिसत होती. त्याला हार घालून भासरे समोर बसले आणि बकरीला म्हणाले, "वीस वरसं लोकाइच्या मायचे फोटो पाण्यात धुतले मी. आपल्या मायचा फोटो नाई." मग चार दिवस जेवले नाहीत. ताट दारात ठेवायची, ते तसंच परत यायचं.

पाचव्या दिवशी मी माझ्या आयुष्यातलं सर्वांत मोठं खोटं बोलले. गावातल्या बायकांच्या बचत गटात मी होते. आठवड्यातून एकदा शाळेच्या ओसरीत गट बसायचा आणि घराबाहेर मी जायची ती एवढीच जागा. तिथे मी कधी तोंड उघडलं नव्हतं, पण बाकीच्या बोलतात ते ऐकायला मला फार आवडायचं. गटाच्या अध्यक्ष सुमनबाई. त्या बोलायला लागल्या की चिंचेवरचे कावळे उडत. गटाचा नियम साधा होता, एकीनं कर्ज थकवलं की पुढच्या बाईची पाळी अडते आणि थकवणारीचं नाव कटते. त्या दिवशी मी पदर तोंडावर घेऊन म्हटलं, "मले बकऱ्या घ्याच्या हाये. चार." सुमनबाई म्हणाल्या, "बापा! हिले आवाज हाय की वं!" आणि पैसे मंजूर झाले. ते मी रुमालात बांधून बकरीच्या खुंट्याजवळ ठेवले आणि बकरीला सांगितलं, "हे कॅमेऱ्यासाठी हाये म्हणा. परत कराचे हाये म्हणा."  ओट्यावरून खाकरण्याचा आवाज आला.

कॅमेरा जुना होता, चंद्रपूरच्या एका दुकानातून घेतलेला. दुकानदार भला माणूस, त्यानं कोणतं बटण कशाचं हे दोन कागदांवर मराठीत लिहून दिलं होतं. भासऱ्यांना सहीपुरतं लिहिता येतं, तेव्हा वाचणं माझ्याकडे आलं. संध्याकाळी ते ओट्यावर कॅमेरा मांडीवर घेऊन बसत, मी दाराच्या आत कागद धरून बसे आणि उंबऱ्यापाशी बकरी. मी वाचायची, "बकरे, उजव्या हाताचं वरचं बटन आधी अर्धं दाबाचं म्हणा, मग पुरं." ते म्हणायचे, "बकरे, अर्धं किती ते नाई लिवलं काय?" आणि अर्ध्यापर्यंत दाबून बोट उचलून घ्यायचे. महिनाभर त्यांनी ते बटण एकदाही पूर्ण दाबलं नाही. "दाबलं का पैसा गेला," ते म्हणायचे. स्टुडिओत रोल वाया गेला की मालक पगारातून कापायचा, ते हाडात बसलं होतं. कॅमेऱ्यात रोल नाही, कार्ड आहे, ते पुसून पुन्हा वापरता येतं, हे मी तीन वेळा वाचलं. तीनही वेळा त्यांनी बकरीला समजावलं की लिहिणाऱ्याच्या बापाचं काय जातं.

रोलाला उजेड लागला की फोटो जातात, म्हणून ते कार्ड काढायचं तर गोधडीत शिरत. आमच्याकडचा मे महिना ज्यानं काढला आहे त्यालाच कळेल की भर दुपारी गोधडीत शिरणं म्हणजे काय. आतून "सापडलं, सापडलं... नाई सापडलं" असं ऐकू यायचं आणि अर्ध्या तासानं लाल तोंडानं बाहेर येऊन ते अंगावर तांब्या ओतून घ्यायचे. काढलेला फोटो पडद्यावर पाहायचा नाही, कारण धुतल्याशिवाय फोटो पाहणं अशुभ. आणि सर्वांत पक्की गोष्ट म्हणजे छत्तीस. रोलात छत्तीस फोटो असतात, तर कॅमेऱ्यातही छत्तीसच. पडद्याच्या कोपऱ्यात अजून किती फोटो बसतील तो आकडा दिसतो, असं मी कागदावरून वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आकडा दुकानदाराचा हाय. रोल देवाचा हाय." मोजणी चुकू नये म्हणून त्यांनी छत्तीस चिंचोके धुऊन सदऱ्याच्या डाव्या खिशात घातले. एक फोटो काढला की एक चिंचोका उजव्या खिशात. डावा खिसा रिकामा झाला की कॅमेऱ्याला झाकण.

माणसांचे फोटो ते स्टुडिओत पाहिले तसेच काढत. लोखंडी खुर्ची, गुडघ्यांवर हात, नजर समोर. "हालाचं नाई. हासाचं नाई. श्वास धरा." मग ते इतका वेळ नेम धरत की गावातल्या एका म्हाताऱ्यानं श्वास धरून धरून डोळे पांढरे केले, आणि शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न विचारला, "निंगला काय?" निघाला नव्हता. भासऱ्यांनी चिंचोका परत डाव्या खिशात टाकला होता.

अशानं पैसे कुठून येणार? मला घास गोड लागेना. त्यात एके दिवशी सुमनबाई बकऱ्या पाहायला घरी आल्या. अंगणात सासूबाईंची म्हातारी बकरी, बस.

"चार घेतल्या होत्या ना वं? बाकीच्या कुठी हाये?"

"चराले गेल्या," मी म्हटलं.

"कोणासंगं? जंगलाकडं वाघ हिंडून राह्यला, अन् तू बकऱ्या सोडल्या?"

मी बकरीपुढे पाला सारू लागले. सुमनबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. ओट्यावर भासरे कॅमेऱ्याला फडकं मारत बसले होते. अचानक सुमनबाईंनी त्यांच्याकडे मोर्चा वळवला. "काय भाऊ, लग्नाचे फोटो काढान काय? माह्या पोरीचं लग्न हाय. चंद्रपूरवाला लय मांगते. पैसे कमी देईन, पण देईन." भासऱ्यांनी मान हलवली. मला वाटलं उजाडलं. फोटो जमले तर कर्जाची सुरुवात होणार होती. बिघडले तर पोरीच्या लग्नाचे फोटो बिघडवणारा माणूस आणि खोटं बोलून त्याला कॅमेरा घेऊन देणारी बाई, दोघंही सुमनबाईंच्याच हाती सापडणार होते.

लग्न भर दुपारी विहारासमोरच्या मांडवात होतं. सुमनबाईंकडे बौद्ध पद्धतीनं लग्न लागतं. वंदना, वधूवरांची प्रतिज्ञा, मग हार, आणि झालं. भासऱ्यांना सवय स्टुडिओची, त्यांनी लग्न म्हणजे तासाभराची मंगलाष्टकं धरली होती. मी बायकांत मागे बसले होते आणि माझं लक्ष नवरीकडे नव्हतं, त्यांच्या सदऱ्याकडे होतं. सकाळपासून जो तो खुर्चीवर बसून गुडघ्यांवर हात ठेवत होता. चिंचोके एकेक करून इकडून तिकडे जात होते. शेवटचे पाचसहा उरले असतील तेव्हा नवरदेवाचा मामा आपली तीन पोरं घेऊन आला. "एक अलग अलग, अन् एक सगळ्याइचा," तो म्हणाला. मी मनात म्हटलं, नाही म्हणा, नाही म्हणा. भासऱ्यांना आयुष्यात कोणाला नाही म्हणता आलेलं नाही. चार चिंचोके गेले.

प्रतिज्ञा झाली, तिच्यात उरलेले एकदोन गेले. नवरा-नवरी समोरासमोर उभे राहिले. त्यांच्या हातात हार दिले. भासऱ्यांनी डाव्या खिशात हात घातला. हात आत फिरला, पुन्हा फिरला आणि रिकामा बाहेर आला. मग त्यांनी शांतपणे कॅमेऱ्याला झाकण लावलं, एक पाऊल मागे घेतलं आणि पाहुण्यासारखे हात जोडून उभे राहिले.

 कॅमेऱ्यात अजून शेकडो फोटोंची जागा होती हे त्या मांडवात फक्त मला माहीत होतं. नवरीनं हार उचलला. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि तेव्हा कळलं की मी त्यांना काय म्हणते हेच मला माहीत नाही. इतक्या वर्षांत मी त्यांना एकदाही हाक मारली नव्हती. दादा म्हणायचं की भाऊजी, ते ठरलंच नव्हतं. बकरीही इथे नव्हती. हार नवरदेवाच्या डोक्यापर्यंत गेला आणि मी उठून उभी राहिले आणि जिवाच्या आकांतानं ओरडले,

"ओ फोटोवाले! काढा ना! लय जागा हाय त्याच्यात!"

सगळा मांडव असा हसला की लग्न लावणाऱ्या भंतेजींनीही तोंडावर हात धरला. माझा पदर खाली गेला होता. भासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पण त्यांनी काय केलं ते मी पाहिलं. उजव्या खिशातून एक चिंचोका काढला, तो डाव्या खिशात टाकला, आणि मगच कॅमेरा उचलला.

सुमनबाईंनी मला मांडवामागे, जिथे भाताची गंजं, म्हणजे मोठी पातेली, ठेवली होती तिथे गाठलं.

"काऊन वं, तुले कसं मालूम त्याच्यात जागा हाय म्हणून?"

मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले.

"बोल ना! बकऱ्या कुठी हाये तुह्या?"

"त्याइच्या गळ्यात हाये," मी म्हटलं.

सुमनबाईंना समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे माह्या पोरीच्या लग्नाचे फोटो बकऱ्याइनं काढले म्हण!" मला वाटलं हसतील, पण हसल्या नाहीत. "पाह्य बाई, पोरीच्या हाराचा फोटो आला पायजे. नाई आला तर फोटोचा पैसा नाई, अन् गटाच्या वहीतून तुह्यं नाव मी सोता काटीन. आला तर पाहू. पण कर्ज पुरं फिटलं पायजे, एक रुपया कमी नाई."

फोटो आला होता की नाही हे पाहायला एक बटण पुरलं असतं. पण धुतल्याशिवाय पाहायचं नाही. घरी आल्यावर भासरे गोधडीत शिरले, कार्ड काढलं, काळ्या फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डबीत घातलं आणि बकरीजवळ बसून म्हणाले, "सदतीसावा अर्धाच येते. रोल संपला का अर्धाच येते. अर्ध्या पोरीले काय करतीन लोक?" मी आतून म्हटलं, "येईन म्हणा, पुरा येईन." माझ्या आवाजावर माझाच विश्वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते फोटो छापायला चंद्रपूरला गेले. दुपारच्या गाडीनं यायचे होते. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला वाघानं बैल मारला आणि फाट्यापासून गावापर्यंतची वाट जंगलवाल्यांनी बंद केली. गाडी फाट्यावरूनच परत गेली, कोण उतरलं कोण नाही काही कळेना. सुमनबाई माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. त्या फोटोची वाट पाहत होत्या आणि मी माणसाची. पहिल्यांदाच आम्ही दोघी नुसत्या बसलो. मग त्या म्हणाल्या, "फोटो नाई आला तरी चालंन वं. माणूस आला पायजे." मी मान हलवली. 

ते तिसऱ्या दिवशी सकाळी आले, खाकरत, आभाळाकडे पाहत. फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडे राहिले होते. पाकीट सदऱ्याच्या आत, पोटाशी होतं. ते त्यांनी ओट्यावर ठेवलं आणि पाठ करून उभे राहिले. सुमनबाई तेव्हाही येऊन बसलेल्याच होत्या, त्या एकेक फोटो काढू लागल्या. सगळे गुडघ्यांवर हात ठेवून, श्वास धरून, जणू कोर्टात उभे आहेत. सुमनबाईंचं तोंड उतरत चाललं. शेवटी सदतीसावा आला. पुरा होता. नवरीचे हात नवरदेवाच्या गळ्यात, पण तोंड बायकांकडे वळलेलं, आणि ती दात दाखवून, डोळे मिटून हसत होती. नवरदेव हसत होता, मामा हसत होता, हसता हसता कोणाची टोपी उडाली होती. सुमनबाई त्या फोटोकडे इतका वेळ पाहत राहिल्या की भासऱ्यांनी एकदा खाकरून पाहिलं.

"बारीक होती तवा अशी हासे माही पोरगी," त्या म्हणाल्या. "मोठी झाली अन् बंदच झाली होती." आणि पैसे ओट्यावर ठेवून, फोटो उराशी धरून निघून गेल्या.

तो फोटो गावभर फिरला. लोक येऊन सांगू लागले, "सुमनबाईच्या पोरीसारखा काढा, हासता." पुढच्या लग्नात भासऱ्यांनी प्रयत्न केला. कॅमेरा रोखून, डोळे वटारून ते म्हणाले, "हासा." नवरी रडायला लागली. घरी येऊन बकरीला म्हणाले, "हासत नाई लोक. कोणीतरी वरडलं पायजे." मग तिच्या पाठीवर हात फिरवत, "परवा राजुऱ्याकडं लग्न हाय. कोणी येत असंन तर बरं होईन. कर्ज लवकर फिटंन."

मी गेले. सुमनबाई सोबत आल्या. मांडवाच्या कनातीमागे उभी राहून, पदर डोळ्यांपर्यंत ओढून, हार उचलले की मी ओरडायची, "ओ फोटोवाले!" आणि लोक हसायचे. दुसऱ्या दिवशीच मी पुढच्या लग्नाची वाट पाहायला लागायची. दोन वर्षांत मी जितकी गावं पाहिली तितकी आधी कधी पाहिली नव्हती. कुठे बुंदी चांगली, कुठे वरात लांब, हे मला कळू लागलं. जाताना भासरे वीस पावलं पुढे चालायचे, आम्ही मागे. चढ आला की त्यांचे गुडघे दुखायचे आणि ते हळू व्हायचे, मग मीही हळू व्हायची.

मागच्या महिन्यात गट बसला होता तेव्हा ते पहिल्यांदा शाळेच्या ओसरीपर्यंत आले. बायका दिसल्या तशी पाठ फिरवली आणि पाठमोरेच, एकेक पाऊल मागे टाकत सुमनबाईंजवळ येऊन त्यांनी रुमाल ठेवला. सुमनबाईंनी पैसे मोजले, वहीत लिहिलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "फिटलं वं बाई तुह्यं. पुरं फिटलं." बायकांनी टाळ्या वाजवल्या. जाताना भासरे ओसरीच्या खांबापाशी थांबले आणि खांबाला म्हणाले, "चांगलं झालं. आता लग्नाले येऊन वरडाचा कोणाले तरास नाई." त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी मला सोडवलं. मला म्हणायचं होतं की तरास नव्हता. पण एवढ्या बायकांसमोर, त्यांच्याशी, कसं म्हणणार?

त्या रविवारी पलीकडच्या गावात लग्न होतं. मी हिरवं पातळ सकाळीच काढून ठेवलं होतं. भासरे कॅमेरा गळ्यात घालून, खाकरून, आभाळाकडे पाहत एकटेच फाट्याकडे गेले. मी दारातून ते वळणाआड जाईपर्यंत पाहिलं, मग पातळाची घडी पेटीत ठेवली. पैसे पूर्ण फिटले होते.